धागा: आपल्या मराठी संकेतस्थळाला फीड हवीच, आणि ती नीट हवी

माळरानी (धागाकर्ती)

सोलापूर परिसरात स्वतःचं डोमेन घेऊन मराठीत लिहिणारे आता बरेच जण दिसतात. कुणी गड्ड्याच्या यात्रेची छायाचित्रं टाकतं, कुणी गिरणगावच्या आठवणी, कुणी नुसत्या चटण्या आणि कडक भाकरीच्या कृती. मी हिप्परगा तलाव, संभाजी तलाव आणि नान्नजच्या माळावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवते. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: नवीन लिहिलं हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? उत्तरादाखल व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा फिरवला जातो, संध्याकाळपर्यंत तो शंभर शुभ सकाळींच्या खाली जातो आणि ज्याला खरंच वाचायचं होतं त्यालाच सापडत नाही.

या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे आणि ते आजही उत्तम चालतं. फीड म्हणजे आपल्याच संकेतस्थळावर ठेवलेली एक साधी फाइल, बहुधा एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली. ताज्या नोंदी, प्रत्येकीचं शीर्षक, पत्ता, तारीख, कायमची ओळख आणि मजकूर, एवढंच तिच्यात असतं. वाचणारा आपल्या फीड रीडरमध्ये, म्हणजे फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये, तिचा पत्ता एकदा टाकतो. पुढे त्याचं अ‍ॅप अधूनमधून फाइल उघडून नवीन काही आहे का ते बघतं. आपण कुणालाही काही पाठवत नाही, आणि वाचणाऱ्याचा फोन नंबर वा ईमेल आपल्याकडे येत नाही. वाचायचं थांबवायचं तर त्याने पत्ता काढून टाकायचा, आपली परवानगी लागत नाही. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कुणाची निवड करणारी यंत्रणा नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

फीड लिहिण्याचे तीन प्रकार आहेत. त्यातला आरएसएस मार्च १९९९मध्ये नेटस्केपने आपल्या पोर्टलसाठी काढला. सप्टेंबर २००२मध्ये आरएसएस २.० आलं, डिसेंबर २००५मध्ये अ‍ॅटम हे आरएफसी ४२८७ म्हणून प्रमाण ठरलं, आणि २०१७मध्ये जेसन फीड आलं. तिन्ही चालतात. त्यातली कुठली घ्यावी यावर महिने घालवू नका. ध्वनिमुद्रणं म्हणजे पॉडकास्ट करायचं असेल तर आरएसएस घ्या, कारण पॉडकास्टचं सगळं जग त्यावरच उभं आहे. नुसतं लिहायचं असेल तर मी अ‍ॅटम सुचवेन.

वर्डप्रेस असेल तर फीड आधीच तयार आहे, पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि 'फीड' लिहून बघा. ब्लॉगर, ह्यूगो, जेकिल यांचीही सोय आहे. खरी गंमत, आणि खरी अडचण, स्वतःच्या हाताने संकेतस्थळ घडवणाऱ्यांना येते. त्यातल्या तीन गोष्टी मराठीत लिहिणाऱ्यांना विशेष नडतात, त्या सविस्तर मांडते.

पहिली तारीख. आरएसएसमधली तारीख ईमेलच्या १९८२च्या आरएफसी ८२२ या प्रमाणाप्रमाणे लिहावी लागते, म्हणजे वार आणि महिना इंग्रजी तीन अक्षरांत. आपण हौसेने सर्व्हरची भाषा मराठी करतो आणि प्रोग्रॅम 'मंगळ, १४ जाने' असं छापून मोकळा होतो. पानावर ते शोभून दिसतं. फीडमध्ये मात्र रीडरला ती तारीख कळतच नाही, मग सगळ्या नोंदी एकाच दिवसाच्या दिसतात किंवा क्रम उलटसुलट होतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ संचात ईमेलची तारीख घडवणारं फंक्शन आहे, ते सर्व्हरची भाषा कुठलीही असो, इंग्रजी नावंच देतं. ते वापरा. अ‍ॅटममध्ये महिन्याची नावंच नसतात, वर्ष-महिना-दिवस असे आकडे असतात, म्हणून हा प्रश्न निम्मा सुटतो. मात्र आकडे देवनागरी नकोत.

तारखेबरोबर वेळेचा फरकही लिहायचा: आरएसएसमध्ये अधिक ०५३०, अ‍ॅटममध्ये मधे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन अधिक ०५:३०. सोलापूरची वेळ लिहून शेवटी 'झेड' चिकटवला, तर त्याचा अर्थ ती ग्रीनिचची वेळ असा होतो आणि नोंद साडेपाच तास भविष्यातली ठरते. काही रीडर तशी नोंद वेळ होईपर्यंत दाखवत नाहीत, काही ती सगळ्यांच्या वर चिकटवून ठेवतात.

दुसरी, तोडलेली अक्षरं. फीडमध्ये लेखाचा सुरुवातीचा भाग देण्यासाठी अनेक तयार तुकडे 'पहिले २०० बाइट' असं मोजून कापतात. बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचं माप. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. २००ला ३ने भाग जात नाही, म्हणजे कात्री सहज चिन्हाच्या मधून फिरू शकते, मग उरलेला अर्धवट तुकडा यूटीएफ-८मध्ये बसत नाही आणि काटेकोर रीडर अख्खी फाइल नाकारतो. एका लेखापायी सगळी फीड बंद! चिन्हं मोजून कापलं तर फाइल वाचते, पण 'पक्षी'चा 'पक्' होऊ शकतो, कारण क, हलन्त, ष आणि वेलांटी ही चार वेगळी चिन्हं आहेत. म्हणून कापायचंच असेल तर शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर कापा. माझं मत विचाराल तर कापूच नका, पूर्ण लेख द्या.

तिसरी, ओळख. प्रत्येक नोंदीला कायमची एक ओळख द्यावी लागते, आरएसएसमध्ये ती जीयूआयडी, अ‍ॅटममध्ये आयडी. रीडर 'हे वाचलेलं आहे की नाही' तेवढ्यावरूनच ठरवतो. बहुतेक जण लेखाचा पत्ताच ओळख म्हणून देतात. पुढे पत्त्यांची रचना बदलली की जुने सगळे लेख वाचकाकडे नव्याने येऊन पडतात. तेव्हा ओळख एकदा दिली की तिला हात लावायचा नाही, पत्ता बदलला तरी नाही, डोमेन बदललं तरी नाही.

फीड तयार झाली की डब्ल्यूथ्रीसीच्या फीड व्हॅलिडेटरमध्ये पत्ता टाकून तपासा, आणि मुख्य पानाच्या हेडमध्ये 'अल्टरनेट' नात्याचा लिंक टॅग द्या. मग वाचणाऱ्याला फीडचा पत्ता शोधावा लागत नाही, संकेतस्थळाचा पत्ता दिला तरी रीडर स्वतः शोधतो.

प्रश्न असतील तर इथेच विचारा.

---

सात_रस्ता

वाखु (वाचनखूण) साठवली. ताई, माझं वर्डप्रेस आहे आणि फीड चालते. पण लेखाचा पत्ता मधेच तुटतो. 'सोलापूर परिसरातले हिवाळी पक्षी' असं समजा शीर्षक दिलं, तर पत्त्यात 'पक्षी' येतच नाही. यामुळे फीडमध्ये काही बिघडतं का?

---

माळरानी

@सात_रस्ता, फीड बिघडत नाही. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाला २०० चिन्हांची मर्यादा लावतं. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षर-आकडे अशा रूपात गेलं की ९ चिन्हांचं होतं. सोलापूर ६३, परिसरातले ८१, हिवाळी ५४, मधल्या दोन रेघा. झाले बरोबर २००. चौथ्या शब्दाला जागाच उरली नाही. मराठीत साधारण २२ चिन्हांवर पत्ता संपतो हे धरून चाला, आणि लेख प्रकाशित करण्याआधी पत्त्याची जागा उघडून तिथे लहानसा शब्द हाताने लिहा.

वर्डप्रेस फीडमधली ओळख मात्र या पत्त्यावर ठेवत नाही, लेखाच्या अनुक्रमांकावर ठेवतं. त्यामुळे त्याच डोमेनवर नंतर पत्ता सुधारला तरी वाचकाकडे लेख दुसऱ्यांदा जाणार नाही. हे त्यांनी फार विचाराने केलंय.

---

शेंगाचटणी

लेख चांगला आहे, पण मनापासून विचारतो: आमच्या भागात फीड वाचतं कोण? माझ्या पाककृतींच्या पानाचे वाचक म्हणजे मावशी, आत्या, कॉलनीतल्या वहिनी. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप येतं, तेवढं पुरे नाही का? गूगलने त्यांचा रीडर २०१३ साली बंद केला तेव्हाच हे संपलं असं मी समजत होतो.

---

माळरानी

@शेंगाचटणी, व्हॉट्सअ‍ॅप सोडा असं मी म्हणतच नाही. दुवा तिथेही टाका. पण ग्रुप हा ज्या दिवशी टाकलं त्या दिवसापुरता. पुढच्या संक्रांतीला एखाद्या वहिनींना तिळाच्या पोळीची तुमचीच कृती हवी असेल तर त्या ग्रुपमध्ये कुठवर सरकवत बसणार? रीडरमध्ये तुमच्या नावाखाली नोंदी ओळीने राहतात आणि शोधता येतात. शिवाय ग्रुपमध्ये यायचं तर आपला नंबर सगळ्यांना दिसतो. अनेक बायकांना ते नको असतं आणि त्या वाचायच्याच राहतात. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

१ जुलै २०१३ला गूगल रीडर बंद झाला हे खरं. पण बंद पडलं ते वाचायचं एक ठिकाण. फीड आपापल्या संकेतस्थळांवर होत्या तशाच राहिल्या, आणि ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती ते दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन पुढे वाचू लागले. एखादा समाजमाध्यमाचा मंच बंद झाला तर असं काही हाती लागतं का, याचा विचार करा.

---

काळी_माती

@शेंगाचटणी, त्यात भर: मी मूळचा मोहोळचा, आता नोकरीसाठी पुण्यात. अँड्रॉइडवर फीडर नावाचं मोफत, मुक्त स्रोत अ‍ॅप आहे, आयफोन आणि मॅकवर नेटन्यूजवायर, संगणकावर थंडरबर्डमध्येही फीड वाचता येते. आईच्या फोनवर मी फीडर टाकून दिलं, अक्षर मोठं केलं आणि चार पत्ते भरले. लेख आधीच उतरून ठेवता येतात, त्यामुळे एसटीत रेंज गेली तरी वाचन चालू राहतं. तिला फीड हा शब्दही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

---

जुळे_सोलापूरकर

माझं पान साध्या एचटीएमएलमध्ये आहे, वर्डप्रेस वगैरे काही नाही. एकेक लेख हाताने लिहून होस्टिंगवर चढवतो. फीड पण हातानेच लिहू का? एकदा प्रयत्न केला तर ब्राउझर लाल अक्षरात त्रुटी दाखवतो, शीर्षक 'हुरडा' मग इंग्रजी 'आणि'चं ते वळणदार चिन्ह आणि मग 'शेंगाचटणी' असं आहे, तिथे अडकतंय.

---

काळी_माती

@जुळे_सोलापूरकर, तेच चिन्ह कारण आहे. ते वळणदार चिन्ह, म्हणजे अँपरसँड, एक्सएमएलमध्ये नुसतं लिहिता येत नाही, कारण तिथून सांकेतिक शब्द सुरू होतो असं रीडर समजतो. एचटीएमएल अशा चुका पोटात घालतं, एक्सएमएल घालत नाही. आणखी एक: एचटीएमएलमधला मोकळ्या जागेचा 'एनबीएसपी' संकेतही एक्सएमएलला ठाऊक नसतो. त्याला मुळात पाचच असे शब्द माहीत आहेत: अँपरसँड, लहानाचं चिन्ह, मोठ्याचं चिन्ह, एकेरी आणि दुहेरी अवतरण.

हाताने लिहिता येईल, महिन्याला एखादा लेख असेल तर हरकतही नाही. पण वीस-पंचवीस ओळींची पायथन स्क्रिप्ट केलीत तर कायमची काळजी मिटेल. लेखांची एक यादी ठेवा: शीर्षक, पत्ता, तारीख, ओळख. स्क्रिप्टने ती वाचून फाइल लिहायची. एकच पथ्य पाळा, मजकुराचे तुकडे जोडून एक्सएमएल बनवू नका. एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी वापरा, ती असली सगळी चिन्हं स्वतः सुरक्षित करते. तुमची यादी आणि स्क्रिप्ट इथे टाका, बघून देतो.

छायाचित्रांचे पत्ते पूर्ण द्या हेही आत्ताच सांगतो. पानावर 'चित्रे' फोल्डरातलं अमुक एवढं लिहून चालतं. फीड दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये उघडते, तिथे तेवढ्यावरून चित्र सापडेलच असं नाही, म्हणून डोमेनसकट पूर्ण पत्ता हवा.

---

विणकर_वाडा

आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. आजोबांनी हातमागावरच्या नक्ष्यांबद्दल वह्यांत बरंच लिहून ठेवलंय, काही तेलुगूत, काही मराठीत. ते मी संकेतस्थळावर चढवतोय. चादरीच्या नक्षीवर मराठी वाचकांना रस आहे, पण तेलुगू नोंद आली की ते गोंधळतात. आणि तेलंगणात सिरसिल्ल्याकडच्या नातेवाइकांना मराठी येत नाही. एकाच फीडमध्ये दोन्ही भाषा ठेवू का?

---

माळरानी

@विणकर_वाडा, हे काम फार मोलाचं आहे, जरूर पूर्ण करा. वह्यांच्या पानांची छायाचित्रंही सोबत ठेवा.

तीन फीड करा. एक मराठी, एक तेलुगू, आणि दोन्ही वाचणाऱ्यांसाठी एक एकत्र. फाइल बनवणारा प्रोग्रॅम तोच, फक्त नोंदी निवडायच्या वेगळ्या. तीनही फीडमध्ये एका नोंदीची ओळख एकच ठेवा.

एकत्र फीडसाठी अ‍ॅटमच घ्या, कारण त्यात प्रत्येक नोंदीला वेगळी भाषा सांगता येते: मराठीला एमआर, तेलुगूला टीई. आरएसएसमध्ये भाषेचा टॅग सगळ्या फीडला मिळून एकच असतो. हे फक्त नीटनेटकेपणासाठी नाही. लेख मोठ्याने वाचून दाखवणारं अ‍ॅप कुठला आवाज लावायचा ते या खुणेवरून ठरवू शकतं. आजोबांच्या वयाच्या, डोळ्यांनी वाचणं अवघड झालेल्या माणसांसाठी हा टॅग फार कामाचा आहे.

---

विणकर_वाडा

धन्यवाद ताई. आवाजाचं डोक्यातच आलं नव्हतं. तीन फीड करतो.

---

दक्षिण_कसबा

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. १९३०चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे, या विषयावर मी लिहीत असतो. पुतण्याने फीड लावून दिली आहे. नवीन कागद हाती आला की जुन्या लेखात भर घालतो. ती वाचकाला कळावी असं वाटतं, पण स्वल्पविराम दुरुस्त केला म्हणून लोकांना उगाच हाक मारायची नाही. यावर काही उपाय आहे का?

---

माळरानी

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न अ‍ॅटम बनवणाऱ्यांनीही विचारात घेतलेला दिसतो. तिथे प्रत्येक नोंदीला दोन तारखा देता येतात. 'पब्लिश्ड' म्हणजे पहिल्यांदा प्रसिद्ध झाली ती, आणि 'अपडेटेड' म्हणजे लेखकाच्या मते महत्त्वाचा बदल झाला ती. प्रमाणातच म्हटलंय की प्रत्येक बदलाला दुसरी तारीख हलवायची गरज नाही, महत्त्वाचं काय हे लेखकाने ठरवायचं. म्हणजे शुद्धलेखन सुधारलं तर तारीख तशीच ठेवा. नवा कागद मिळाला तर 'अपडेटेड' बदला. ओळख आणि पहिली तारीख कधीच बदलायची नाही.

सगळे रीडर बदललेली नोंद पुन्हा वर आणत नाहीत. म्हणून मोठी भर असेल तर 'अमुक लेखात नवीन कागद जोडला' अशी दोन ओळींची स्वतंत्र नोंदही करा आणि तिच्यात मूळ लेखाचा दुवा द्या. इतिहासाच्या लेखनात काय कधी बदललं याची नोंद तशीही असावी.

आरएसएस २.०मध्ये नोंदीला अशी दुसरी तारीख मुळातच नाही. पुतण्याला विचारा कुठली फीड लावलीय ते.

---

दक्षिण_कसबा

उत्तम. स्वतंत्र नोंदीची सूचना विशेष आवडली. पुतण्याला आज रात्रीच बसवतो.

---

सात_रस्ता

ताई, पूर्ण लेख फीडमध्ये द्या म्हणालात. मग लोक संकेतस्थळावर येणारच नाहीत ना? भेटींचा आकडा खाली जाईल. आणि लेख चोरणाऱ्यांना आयतंच मिळेल.

---

माळरानी

@सात_रस्ता, चोरणारा पानावरूनही उचलतो, फीड अर्धी ठेवून तो थांबत नाही. अडतो तो प्रामाणिक वाचक, ज्याला रेंज नसलेल्या गाडीत अर्धाच परिच्छेद मिळतो. जाहिरातींवर पोट असलेल्यांचं गणित वेगळं असेल, आपण लिहितो ते वाचलं जावं म्हणून. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली 'फुल टेक्स्ट'चा पर्याय आहे, तो निवडा.

मात्र यातून दुसरी एक जबाबदारी येते आणि ती मी फार गांभीर्याने घेते. फीडमध्ये गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. लेख संकेतस्थळावरून काढला तरी वाचकांच्या अ‍ॅपमध्ये त्याची प्रत राहते. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. माळढोक, धाविक, टिटवी हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी. घरट्याची नेमकी जागा एकदा फीडमधून गेली की शंभर फोनांत पोचली, मग खेद वाटून उपयोग नाही. म्हणून विणीच्या हंगामातल्या नोंदी मी हंगाम संपल्यावरच टाकते, जागा 'उत्तर सोलापूर तालुका' एवढीच लिहिते, आणि छायाचित्रातली जीपीएसची माहिती चढवण्याआधी पुसते. घरातल्या लहान मुलांची छायाचित्रं टाकणाऱ्यांनीही हाच विचार करावा.

---

शेंगाचटणी

हे शेवटचं फार महत्त्वाचं लिहिलंत. मी फीड चालू करून बघितली, होतीच की ती आधीपासून! फीडरमध्ये टाकली तर मजकूर येतोय पण चित्रं रिकामी चौकट दाखवतायत. पत्ते पूर्ण आहेत.

---

काळी_माती

@शेंगाचटणी, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'हॉटलिंक प्रोटेक्शन' चालू आहे का बघा. दुसऱ्या संकेतस्थळांनी आपली चित्रं परस्पर वापरू नयेत म्हणून ते असतं, पण त्यात फीड रीडरही अडकू शकतात. बंद करून बघा.

त्याच पॅनेलमध्ये बॉट अडवणारी सुरक्षा असेल तर फीडच्या पत्त्याला तिच्यातून सूट द्या. 'तुम्ही माणूस आहात का' असं रीडरला विचारलं तर तो काय उत्तर देणार? आणि रीडर सारखे येऊन सर्व्हर दमवतील ही भीती असेल तर फाइल बदलली का ते रीडरला कळवणारा 'लास्ट-मॉडिफाइड' किंवा 'ईटॅग' सर्व्हरकडून पाठवला जातोय ना एवढं बघा. फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ३०४, म्हणजे 'बदल नाही', एवढंच उत्तर देतो, मजकूर पुन्हा जात नाही.

---

शेंगाचटणी

हॉटलिंक बंद केलं, चित्रं आली. आता कॉलनीतल्या वहिनींच्या फोनवर फीडर टाकायचं बघतो. या धाग्यावरच्या सगळ्यांच्या फीड एकदम भरता येतील का? एकेक पत्ता टाकायला लावलं तर कुणी करणार नाही.

---

माळरानी

येतील. त्यासाठी ओपीएमएल नावाची फाइल असते, तिच्यात फीडच्या पत्त्यांची यादी असते आणि जवळपास प्रत्येक रीडर ती आयात करून घेतो. ज्यांना यादीत यायचंय त्यांनी फीडचा पत्ता, संकेतस्थळाचं नाव आणि विषय खाली लिहा: पक्षी, इतिहास, विणकाम, स्वयंपाक, जे असेल ते. व्हॅलिडेटरमध्ये तपासून मगच द्या. रविवारी रात्री फाइल बनवून माझ्या संकेतस्थळावर ठेवते आणि दुवा इथे देते. @विणकर_वाडा, तुमच्या तिन्ही फीड वेगवेगळ्या लिहा, म्हणजे ज्याला जी भाषा हवी ती ठेवता येईल.